बंद कंपनीचा लेथ: सुट्या भागांच्या शोधाच्या नोंदी

८ जानेवारी

लेथ खोलून झाला. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली आहे. तिच्यानंतर ज्यांनी सुटे भाग विकण्याचा हक्क घेतला, त्यांच्या यादीतही हे मॉडेल आता नाही. मशीन मात्र धडधाकट आहे. बेडवर, काम धरणाऱ्या चकच्या जवळ, थोडी झीज आहे, पण चक फिरवणारा स्पिंडल घट्ट आहे आणि साधं कातकाम आजही नीट होतं. आटे पाडता येत नाहीत, हे खरं दुखणं. त्यामुळे प्रकल्पाचं काम तेवढंच धरलंय: या लेथवर इंची आणि मेट्रिक, दोन्ही आटे पाडता आले पाहिजेत. रंगरंगोटी आणि पितळी पाट्या चकाकवणं या वहीत येणार नाही.

मशीन इंची मापाचं. आटे पाडताना टूल पुढे नेणारा लीड स्क्रू पाऊण इंच व्यासाचा, इंचाला ८ आटे. गिअरबॉक्स नाही, चेंज गिअर बदलून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, जमवायची.

काय काय गेलंय ते लिहून ठेवतो. चेंज गिअरच्या संचातला ४० दात्यांचा गिअर, त्याचे तीन दाते साफ उडालेत. हाफ नट, म्हणजे टूल धरणाऱ्या कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा दोन अर्ध्यांचा नट. लीड स्क्रूची दिशा बदलणाऱ्या टम्बलरचा ब्रॅकेट. चेंज गिअर ज्यावर बसतात तो बँजो. काउंटरशाफ्टची (मोटर आणि स्पिंडल यांच्यामधल्या शाफ्टची) दोन्ही बेअरिंग, पट्टा, मोटरचा कपॅसिटर. शिवाय आधीच्या कुणीतरी जिथे तिथे हाताला लागतील ते बोल्ट ठोकलेत.

१० जानेवारी

यादी पुन्हा वाचली. यातलं निम्मं सामान लेथच्या कंपनीने स्वतः कधी बनवलेलंच नव्हतं. बेअरिंग, पट्टा, मोटर, बोल्ट हे तिनेही बाहेरून विकत आणून बसवले होते. मग ते शोधताना लेथचं नाव कशाला घ्यायचं? बेअरिंगवाल्याकडे ‘अमक्या लेथचं बेअरिंग’ मागितलं की तो मान हलवतो. भोक, बाहेरचा व्यास आणि रुंदी सांगितली की तोच माणूस कपाटाकडे वळतो.

जोडीदाराने टम्बलरच्या ब्रॅकेटवर उठून दिसणारा क्रमांक उतरवून घेतला आणि त्यावरून शोध सुरू केला. हाती काही लागलं नाही. ओतकामातच उमटलेला क्रमांक बहुतेक वेळा साच्याचा असतो, सुट्या भागाचा नसतो. एकाच साच्यातून निघालेल्या ओतीव तुकड्याला पुढे दोन वेगळ्या ठिकाणी भोकं पाडली की दोन वेगळे भाग होतात आणि त्यांचे क्रमांकही वेगळे. सुट्या भागाचा खरा क्रमांक पार्ट्स बुकातल्या सुट्या-सुट्या चित्रात असतो. मशीन चालवायची पुस्तिका वेगळी आणि पार्ट्स बुक वेगळं. आपल्याकडे फक्त पहिली आहे.

१३ जानेवारी

काउंटरशाफ्टची बेअरिंग ओढून काढली. अंगावरचा क्रमांक घासून गेलाय. व्हर्नियरने मोजलं: भोक २५.४, बाहेरचा व्यास ५७.१५, रुंदी १५.८८ मिमी. म्हणजे १ इंच, सव्वादोन इंच आणि ५/८ इंच. हे सरळ आरएलएस ८. इंची मालिकेतलं आहे आणि आजही बनतं.

नेहमीच्या मेट्रिक बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की भोक मिळतं: ६२०४ म्हणजे २० मिमी, ६२०५ म्हणजे २५. (००, ०१, ०२, ०३ हे अपवाद, त्यांची भोकं १०, १२, १५, १७.) ६२०५ चं माप २५ × ५२ × १५. आपल्या बेअरिंगच्या इतकं जवळ की शाफ्ट चार दशांश मिमी उतरवून, घरात बुश घालून ६२०५ बसवण्याचा मोह होतो. जोडीदाराचं मत तेच होतं: मेट्रिक कुठेही मिळतं, इंची मागवावं लागतं. मी नको म्हटलं. ज्या भागाचं मूळ माप आजही मिळतं, त्याच्यासाठी शाफ्टला हात लावायचा नाही. शाफ्ट एकदा उतरवला की तो कुठल्याच यादीत न बसणारा भाग होतो, आणि मग पुढच्या माणसाने काय शोधायचं?

आरएलएस ८ ची जोडी मागवली.

१५ जानेवारी

कपॅसिटर फुगलाय. हा फक्त मोटर सुरू करताना लागणारा आहे. बदलताना मायक्रोफॅरड तेच हवेत. व्होल्टेज तेवढं किंवा जास्त चालतं, कमी चालत नाही. सुरू करण्यापुरता बनवलेला कपॅसिटर कायम चालू राहणाऱ्याच्या जागी घातला तर तो फार वेळ टिकत नाही, हे मागवताना स्पष्ट सांगितलं. जुना काढण्याआधी त्याची दोन टोकं रेझिस्टरमधून जोडून रिकामा केला.

१९ जानेवारी

आज दिवस बोल्टांत गेला.

मूळ बोल्ट व्हिटवर्थचे आहेत. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सुचवलेली ही पद्धत, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ साली मिळून ठरवलेल्या युनिफाइड आट्याचा (यूएनसी ही त्याचीच जाड मालिका) कोन ६० अंश. गोंधळ होतो तो पाव इंचाच्या बोल्टात. व्हिटवर्थ आणि यूएनसी दोन्हींत पाव इंची बोल्टला दर इंचाला २० च आटे, ५/१६ च्या बोल्टला १८, ३/८ च्याला १६. बोल्ट नटात शिरतो, आवळतोही, पण आट्याच्या बाजू पुऱ्या टेकत नाहीत. अर्ध्या इंचाच्या बोल्टात मात्र व्हिटवर्थला १२ आणि यूएनसीला १३ आटे, तिथे दोन-तीन फेऱ्यांतच अडकतो. आधीच्या मालकाने टेलस्टॉकच्या (कामाचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाच्या) लॉकिंगला १३ चा बोल्ट १२ च्या भोकात पान्याला नळी लावून आवळलेला दिसतो. भोकातले पहिले आटे भुगा झालेत, खालचे शाबूत आहेत. लांब बोल्ट घातला की पकडेल.

गिबच्या, म्हणजे सरकत्या भागांतली ढिलाई काढणाऱ्या पट्टीच्या, छोट्या स्क्रूंचं वेगळंच निघालं. व्यास ६ मिमी, पिच १ मिमी, त्यामुळे एम६ च वाटले. थ्रेड गेज लावला तर नीट बसेना. हे ०बीए, म्हणजे ब्रिटिश असोसिएशन मालिकेतले. बीए आट्याची मापं मुळातच मिलिमीटरवर बेतलेली, पण कोन साडेसत्तेचाळीस अंश. व्यास आणि पिच एकच आणि कोन वेगळा, याहून फसवं दुसरं काही असेल असं वाटत नाही. नुसत्या व्हर्नियरवर विसंबू नये, गेज लावावा आणि उजेडासमोर धरून फट पाहावी.

पान्यांबद्दल एक ओळ: व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या व्यासाचा असतो, जबड्याचा नव्हे. ३/८ चा व्हिटवर्थ पाना आणि ३/८ चा अमेरिकन पाना शेजारी ठेवले तर दोघांचा काही संबंध आहे असं कुणी म्हणणार नाही.

२४ जानेवारी

चेंज गिअर. या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

तुटका गिअर समोर आहे. दाते ४०. बाहेरचा व्यास शाबूत दात्यांवर ५३.३ मिमी, म्हणजे २.१ इंच. साध्या गिअरचं गणित सोपं: दात्यांत २ मिळवायचे आणि बाहेरच्या इंची व्यासाने भागायचं. ४२ ÷ २.१ = २०. म्हणजे २० डीपी (डायमेट्रल पिच, दात्यांचा इंची आकार सांगणारा आकडा). मेट्रिकमध्ये उलटं, व्यासाला ४२ ने भागायचं आणि उत्तराला मॉड्यूल म्हणायचं: ५३.३४ ÷ ४२ = १.२७ मॉड्यूल. बाजारात १.२७ मॉड्यूल नसतो, १.२५ असतो. ४० दात्यांचा १.२५ मॉड्यूलचा गिअर ५२.५ मिमीचा, फरक एक मिमीसुद्धा नाही. हातात घेतला तर सारखाच दिसतो. दुसऱ्या गिअरशी जोडला तर आधी कुरकुरतो आणि मग दाते खातो.

एवढ्यावर काम संपत नाही. प्रेशर अँगल राहिला, म्हणजे दाते एकमेकांना ज्या कोनात दाबतात तो कोन. जुन्या इंची मशीनमध्ये साडेचौदा अंश सर्रास असायचा, नव्यात २० अंश असतो. २० डीपीचे दोन गिअर, एक साडेचौदाचा आणि एक २० चा, कागदावर जुळतात. प्रत्यक्षात आवाज करत झिजतात. हा कोन डोळ्यांनी ओळखायला जाऊ नये. व्हर्नियरच्या जबड्यांत आधी ४ दाते धरून माप घेतलं, मग ५ दाते धरून. दोन मापांतला फरक म्हणजे बेस पिच, आणि तो π × मॉड्यूल × कोनाचा कोसाइन एवढा असतो. २० डीपी आणि साडेचौदा अंशाला हा फरक ३.८६ मिमी यायला हवा, २० अंशाला ३.७५. तुटक्या गिअरवर ३.८६ आला. खात्रीसाठी संचातल्या ५० च्या गिअरवरही तेच केलं, उत्तर तेच. बेस पिच दात्यांच्या संख्येवर अवलंबून नसते, त्यामुळे संचातल्या कुठल्याही गिअरवर पडताळता येते. गिअर झिजलेला असला तरी फरकात फारसा बदल पडत नाही, कारण दोन्ही मापांत झीज सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते.

ड्रॉइंग काढलं: ४० दाते, २० डीपी, १४½ अंश, भोक, चावीचा गाळा, रुंदी. भोकाचं माप तुटक्या गिअरवरून घेतलं नाही. ज्या स्टडवर तो बसतो त्यावरून घेतलं. गिअरचं भोक झिजून मोठं होतं, आणि आपण मेहनतीने त्या झिजेचीच नक्कल करून बसतो.

२८ जानेवारी

ओळखीच्या एकाने असाच, पण मोडलेला दुसरा लेथ भंगारात असल्याचं कळवलं. पूर्ण घेऊन सुटे भाग काढावेत का, यावर बराच वेळ बोलणं झालं. ठरलं असं की भंगारातून न झिजणारी वस्तू घ्यावी: हँडल, कव्हर, पाट्या, ओतीव पाय. त्या लेथचा हाफ नट आपल्या हाफ नटइतकाच झिजलेला असणार, तो घेऊन काय करायचं? गेलो नाही.

न वापरलेला जुना माल, म्हणजे खोक्यातच राहिलेला, याचंही तसंच. लोखंडी वस्तू असेल तर सोन्यासारखी. रबराची असेल तर कपाटात पडल्या पडल्याच कडक होते. जुन्या खोक्यातलं ऑइल सील बोटाने वाकवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

२ फेब्रुवारी

धातूत कापण्याआधी ४० चा गिअर थ्रीडी प्रिंटरवर काढला, पीएलए प्लास्टिकचा. भोक थोडं लहान आलं, ते नेहमीच येतं. रीमरने मोकळं केलं. बँजो धरून ठेवायला क्लॅम्प लावला आणि हाताने स्पिंडल फिरवून संचातल्या प्रत्येक गिअरबरोबर चालवून पाहिला. सगळ्यांबरोबर गुळगुळीत.

याला कायमचा ठेवू असा प्रस्ताव आला. नायलॉनचा छापलेला गिअर हलक्या कामाला बराच काळ चालतो, हे खरं आहे. पण हा पीएलएचा, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतो. त्याचं काम ड्रॉइंग बरोबर आहे हे दाखवण्याचं होतं, ते झालं.

९ फेब्रुवारी

गिअर कापणाऱ्या काकांना फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न: “मशीन कोणतं ते नको सांगू. डीपी किती, कोन किती?” सांगितलं. मग म्हणाले, “साडेचौदाचा कटर आहे माझ्याकडे, तीन नंबरचा. लोक विसाचा मागतात, हा पडूनच असतो.”

तीन नंबर म्हणजे काय, ते वहीत असू दे. एका डीपीच्या कटरचा संच आठांचा असतो आणि प्रत्येक कटर दात्यांच्या ठरावीक टप्प्यासाठी. डीपीच्या संचात ३ नंबर ३५ ते ५४ दात्यांना, २ नंबर ५५ ते १३४ ला. मॉड्यूलच्या संचात क्रमांक उलटे लावतात, तिथे ३५ ते ५४ साठी ६ नंबर. फोनवर नुसतं ‘तीन नंबर’ म्हणून भागत नाही, कुठल्या पद्धतीचा तेही बोलावं लागतं.

धातूवर थोडा वाद झाला. ते म्हणाले, स्टीलचा करून देतो, कडक करून देतो, पुन्हा तुटायचं नाव नको. मी बिडाचाच मागितला. मूळ गिअर बिडाचा होता, आणि त्याचे दाते बहुधा कॅरेज चकवर आदळली तेव्हा गेलेत. त्या धक्क्यात कुणीतरी तुटणारच होतं. गिअर तुटला म्हणून लीड स्क्रू वाचला. गिअर कडक स्टीलचा केला तर पुढच्या वेळी वाकेल तो लीड स्क्रू, आणि तो मिळवणं गिअर मिळवण्याच्या दसपट अवघड. काका हसले, “बरं आहे, फ्यूज पाहिजे तुला.”

त्याच फोनवर ६३ दात्यांचा एक गिअर मागितला, मेट्रिकसाठी. का ते त्या वेळी लिहीन. तो कटरने नाही, हॉबिंगवर (स्क्रूसारख्या हॉबने, गिअर सतत फिरवत दाते कापून) करावा लागेल असं ते म्हणाले. बरोबर आहे. कटरने कापताना गिअर एकेक दाता पुढे फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडचं प्रमाण ४० ला १ असतं. ४० दात्यांना दर दात्याला हँडलचा एक पूर्ण फेरा, हिशेबच नाही. ६३ ला ४०/६३ फेरा हवा, आणि त्यासाठी लागणारं भोकांचं वर्तुळ नेहमीच्या ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या पाट्यांवर नाही. हॉबला दात्यांच्या संख्येशी देणंघेणं नसतं. एक हॉब सगळ्या संख्यांना चालतो.

१४ फेब्रुवारी

टम्बलरचा ब्रॅकेट. हा जस्ताच्या मिश्रधातूचा, डायमध्ये ओतलेला. तडा पाहून कुणालाही वाटेल की आपटला. आपटलेला नाही. अंगभर बारीक भेगांचं जाळं आहे आणि पृष्ठभाग ठिकठिकाणी फुगलाय. हा जस्ताचा रोग. मिश्रधातूत शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश राहिला की दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमेवरून गंज आत शिरतो, भाग फुगतो आणि शेवटी हातात चुरा येतो. १९२९ साली न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्तावर आधारलेले झमक मिश्रधातू आणले, तेव्हापासून हा रोग टाळणं शक्य झालं. पण ओतताना भंगार मिसळलं की तो पुन्हा येतो. यावर इलाज नाही. एपॉक्सीने चिकटवणं म्हणजे चुरा चिकटवणं.

महत्त्वाचं असं की या भागावरून एकही माप घ्यायचं नाही. तो फुगलाय. त्याच्यावरची दोन भोकांमधली अंतरं मूळची नाहीत. जोडीदाराने तो स्कॅन करून तसाच छापायचं ठरवलं होतं. स्कॅन अगदी तंतोतंत आला असता, आणि चुकीचा.

मग मापं आणायची कुठून? ज्याच्याशी हा भाग जुळतो त्याच्याकडून. हेडस्टॉकवरचा (स्पिंडल ज्यात बसतो त्या भागावरचा) पिन शाबूत आहे, त्याचा व्यास मिळाला. त्यावर फिरणाऱ्या दोन्ही छोट्या गिअरांचे दाते मोजले. २० डीपीला दोन गिअरांमधलं केंद्रांचं अंतर म्हणजे दोघांच्या दात्यांची बेरीज भागिले ४०, इंचात. स्पिंडलवरच्या गिअरपासूनचं अंतरही तसंच गणितातून निघालं. त्यात किंचित मोकळीक मिळवली. लॉक होण्याच्या तीन जागा हेडस्टॉकच्या भोकांवरून. एवढ्या मापांत पूर्ण ब्रॅकेट बसला. फुगलेल्या भागाशी ताडून पाहिलं तर तो सगळीकडून मोठा, काही ठिकाणी जवळजवळ अर्धा मिमी.

२३ फेब्रुवारी

ब्रॅकेट आणि बँजो दोन्ही स्टीलच्या पट्टीतून मिलिंग करून काढले.

आधी ओतून घ्यायचा विचार होता. जुना बँजो बिडाचा, दोन तुकडे झालेला. तुकडे जोडून त्यालाच साचा म्हणून वापरता आलं असतं. पण धातू थंड होताना आकसतो: बीड साधारण १ टक्का, अॅल्युमिनियम १.३, पितळ दीड टक्का. जुन्या भागाचाच साचा केला की नवा भाग तेवढा लहान येतो, म्हणून आधी साच्यावर थर चढवावा लागतो. शिवाय ओतल्यावर मशीनिंग आहेच. कंपनीला शेकडो नग काढायचे होते म्हणून तिने ओतला. आपल्याला एक हवाय. एका नगाला पट्टी, ड्रिल, मिलिंग आणि शेवटी कानस पुरते. दिसायला चौकोनी आहे, मूळच्यासारखा वळणदार नाही. चालेल.

१ मार्च

पट्टा. ए सेक्शन, म्हणजे वर १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड. ए नंतरचा आकडा आतल्या लांबीचा, इंचात. पण अखंड पट्टा घालायचा तर स्पिंडल बाहेर काढावा लागतो, आणि छान बसलेला स्पिंडल पट्ट्यासाठी उपसायची माझी तयारी नाही. कड्या जोडून होणारा पट्टा घेतला. मूळचा नाही, मूळच्यापेक्षा बरा आहे.

८ मार्च

गिअर आले. ४० चा आणि ६३ चा. बसवताना दात्यांमध्ये साध्या कागदाची पट्टी ठेवून गिअर एकमेकांवर दाबले, स्टड आवळला, मग कागद फिरवून काढला. एवढी मोकळीक पुरते. कागद फाटून निघाला तर जास्त घट्ट.

बेअरिंग, कपॅसिटर, पट्टा सगळं जागेवर. लेथ सुरू केला. काउंटरशाफ्टचा आवाज गेला. आता फक्त हाफ नट.

१५ मार्च

हाफ नटचा पेच असा की तो बनवायला आटे पाडणारा लेथ लागतो, आणि आपला लेथ आटे पाडत नाही तो हाफ नटमुळेच.

बाहेरून करून घेणं शक्य होतं. पण ८ आट्यांचा, २९ अंशांचा अॅक्मे (समलंब आकाराचा) आटा, आतून, पाऊण इंचात; त्याचा टॅप सहज कुणाकडे नसतो. म्हणून दोन टप्पे ठरवले. आधी अॅसिटल प्लास्टिकचा कामचलाऊ नट, आणि त्याच्यावर लेथ चालवून गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) खरा.

आधी लीड स्क्रू तपासला. बहुतेक काम चकजवळ होतं, म्हणून स्क्रूही त्याच टोकाला झिजतो. टेलस्टॉककडचे आटे जवळजवळ नवे आहेत. नटाचा ठसा घ्यायचा तो या नव्या टोकावर. झिजलेल्या टोकावर घेतला तर नट तिथे घट्ट बसेल आणि उजवीकडे जाताच अडकेल.

लीड स्क्रू बाहेर काढला. अॅसिटलचे दोन ठोकळे, मधोमध अर्धगोल खाच. स्क्रूचं टोक हॉट एअर गनने तापवलं, ठोकळे त्याच्या दोन बाजूंना ठेवून वाइसमध्ये हळूहळू आवळले. अॅसिटल साधारण १६५ ते १७५ अंशांना वितळतं; आपल्याला पातळ करायचं नाही, मऊ करून आट्यांत बसवायचं आहे. ज्योत अजिबात लावायची नाही. जास्त तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, नाकाडोळ्यांना झोंबतो आणि घातकही आहे. दारं-खिडक्या उघड्या ठेवून केलं.

पूर्ण थंड होईपर्यंत हात लावला नाही. सोडवल्यावर ठसा स्वच्छ, आट्यांच्या बाजू चकचकीत. थंड होताना आकसल्याने स्क्रूवर घट्ट आहे. तेल घालून मागेपुढे चालवल्यावर सैल झाला.

२२ मार्च

अॅसिटलच्या नटावर पहिला आटा पाडला, अर्धा इंच १२ व्हिटवर्थ. टेलस्टॉकचा लॉकिंग बोल्ट त्यातूनच केला.

नट इतका चांगला चालतोय की जोडीदाराने सरळ विचारलं, आता गनमेटल कशाला? अवघड प्रश्न आहे. बरेच लोक अॅसिटलवरच थांबतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. पण मला हा भाग ड्रॉइंगवर हवाय. ठशातून झालेल्या नटाचं माप म्हणजे फक्त ‘या स्क्रूला बसतो’ एवढंच.

५ एप्रिल

गनमेटलचा हाफ नट.

नट आधी पूर्ण करून करवतीने दोन तुकडे केले तर पात्याच्या जाडीइतका धातू जातो आणि मिटवल्यावर भोक लांबट होतं. म्हणून उलट क्रम: दोन ठोकळ्यांच्या समोरासमोरच्या बाजू सपाट करून त्यांना साधा कथील-शिशाचा डाग देऊन एक केलं, मग चार जबड्यांच्या चकमध्ये डागाची रेघ बरोबर मध्यावर आणून भोक पाडलं.

मापं: भोक ०.६२५ इंच, आट्याची खोली ०.०७२५ इंच, म्हणजे आट्यांच्या तळाशी व्यास ०.७७० इंच. लीड स्क्रूच्या पाऊण इंचाभोवती तेवढी मोकळीक अॅक्मेला ठेवतातच. गिअर लावणं सोपं, कारण लीड स्क्रूही ८ चा आणि आटाही ८ चा. १ ला १. हाफ नट कुठेही टाकला तरी टूल त्याच खाचेत येतं, हाफ नट कधी टाकायचा ते दाखवणारी थ्रेड डायल पाहावी लागत नाही.

बोअरिंग बार मात्र त्रास देतो. ५/८ च्या भोकातून जाणारा बार जाड करता येत नाही, आणि अॅक्मेचं टूल रुंद असल्याने थरथरतं. वेग अगदी कमी, काप हलके, शेवटचे काही फेरे खोली न वाढवता. जोडीदाराने विचारलं की आपल्या झिजक्या स्क्रूची चूक नटात उतरणार नाही का. दीड इंच लांबीच्या नटात ती जाणवण्याइतकी नसते.

मग तापवून डाग सोडवला. दोन अर्धे वेगळे झाले, उरलेलं कथील पुसून काढलं. बसवून हँडल टाकलं. अॅसिटलचा नट तेल लावून डब्यात ठेवला, चिठ्ठीसकट.

१३ एप्रिल

मेट्रिक. आता ६३ चं कारण.

एक इंच म्हणजे २५.४ मिमी. इंची लीड स्क्रूवर अचूक मेट्रिक आटा पाडायचा तर गिअरांमध्ये कुठेतरी १२७ दाते यावे लागतात, कारण १२७ = ५ × २५.४. पण २० डीपीचा १२७ दात्यांचा गिअर ६.४५ इंचांचा होतो, जवळपास १६४ मिमी. तो आपल्या कव्हरखाली मावत नाही. ६३ चा गिअर ८२.५५ मिमीचा, निवांत बसतो. १०० ÷ १२७ = ०.७८७४, आणि ६३ ÷ ८० = ०.७८७५. चूक शेकडा ०.०१२५. म्हणजे १०० मिमी लांबीच्या आट्यात एक शतांश मिमीच्या थोडं वर. बोल्टला याने काही होत नाही. मापन यंत्राचा लांब स्क्रू करायचा असेल तर हा मार्ग नको.

१.५ मिमी पिचसाठी चालवणारे ६३ आणि ३०, चालणारे ८० आणि ५०. गुणाकार ०.४७२५, हवा होता ०.४७२४. एम१० चा तुकडा कातून त्यावर पाडला, बाजारातला नट शेवटपर्यंत बोटांनी गेला.

चालवणाऱ्यासाठी एक सूचना कव्हरच्या आत लिहून लावली. मेट्रिक पाडताना हाफ नट उघडायचा नाही; इंची थ्रेड डायल इथे कामाची नाही. टूल मागे घ्यायचं, स्पिंडल उलटा फिरवून परत यायचं. आणि या लेथचा चक आट्यांवर बसतो, उलट्या दिशेला मोटरच्या झटक्याने सुटू शकतो. म्हणून परत येताना मोटर नाही, स्पिंडलच्या मागच्या टोकाला लावलेलं हाताचं हँडल.

२६ एप्रिल

पाइपचं काम आलंय. पाव आणि ३/८ इंचाच्या बीएसपीला (ब्रिटिश पाइप आट्याला) इंचाला १९ आटे. संचात १९ चा पाढा लागेल असा एकही गिअर नाही. ३८ चा हवा: चालवणारे ४० आणि २०, चालणारे ५० आणि ३८, म्हणजे बरोबर ८/१९.

काकांना फोन केला. भोक, गाळा, रुंदी मागच्याच ड्रॉइंगमधली. दाते ३८, बाहेरचा व्यास २ इंच. ३८ हे ३५ ते ५४ मध्येच येतात, म्हणजे कटर तोच. हॉबिंगही लागणार नाही: ४० भागिले ३८ म्हणजे हँडलचा एक फेरा आणि वर १९ भोकांच्या वर्तुळात एक भोक.